चिकटवही आणि सखीभाव : यवतमाळ जिल्ह्यातील स्त्रियांच्या मैत्रीचे एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना

इतिहासलेखनात राज्ये, लढाया, चळवळी आणि संस्था यांना जितके स्थान मिळाले, तितके माणसामाणसांतील स्नेहाला मिळाले नाही. त्यातही ज्या स्त्रियांनी ग्रंथ लिहिले नाहीत, सभा गाजवल्या नाहीत, अशा सामान्य स्त्रियांची आपसांतील मैत्री हा विषय तर इतिहासाच्या कक्षेबाहेरच राहिला. यवतमाळ जिल्ह्यापुरते पाहिले, तरी हेच चित्र दिसते. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, १८६४ मध्ये हा भाग स्वतंत्र जिल्हा झाला, वणीच्या नावावरून 'वुन' म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा १९०५ पासून यवतमाळ या नावाने ओळखला जाऊ लागला. कापसाचा व्यापार, लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखालील १९३० चा पुसदचा जंगल सत्याग्रह, वसंतराव नाईक यांची १९६३ ते १९७५ ही मुख्यमंत्रिपदाची कारकीर्द आणि अलीकडच्या दशकांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्या, हे या जिल्ह्याच्या इतिहासाचे नेहमीचे टप्पे होत. या सर्व टप्प्यांत स्त्री दिसते ती कुणाची तरी पत्नी, माता किंवा विधवा म्हणून. ती कुणाची मैत्रीणही होती, याची नोंद कोठे आढळत नाही.

प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे, की ही नोंद अगदीच नाही असे नव्हे. ती आपण जेथे शोधत नाही तेथे आहे. घरोघरच्या स्त्रियांनी हौसेने जमवलेल्या कात्रणांच्या, नमुन्यांच्या, पाककृतींच्या आणि गाण्यांच्या वह्या हे स्त्रियांच्या नातेसंबंधाबाहेरील मैत्रीचे लेखी साधन आहे. या वह्या आजवर छंद म्हणून दुर्लक्षिल्या गेल्या आणि आता त्या रद्दीत जात आहेत. म्हणूनच त्यांचा विचार तातडीने होणे आवश्यक वाटते.

संज्ञा आणि व्याप्ती

शालेय परिभाषेत ज्याला 'चिकटवही' म्हणतात, त्याला घरगुती बोलण्यात एकच एक नाव नाही. कात्रणांची वही, विणकामाच्या नमुन्यांची वही, रांगोळीची वही, मेंदीची वही, पदार्थांची वही, उखाण्यांची वही, भजनांची वही अशी ती वस्तुपरत्वे ओळखली जाते. प्रत्यक्षात या साऱ्या गोष्टी पुष्कळदा एकाच वहीत एकत्र नांदतात. वही विकत आणलेलीच असते असे नाही. जुनी खातेवही, बँकेकडून भेट मिळालेली दैनंदिनी, किंवा मुलांच्या वह्यांतील उरलेली कोरी पाने शिवून केलेली वही चालत असे. चिकटवण्यासाठी घरी शिजवलेली पिठाची खळ किंवा बाभळीचा डिंक वापरला जाई. बाजारी गोंद पुढे आला.

जगाच्या पाठीवर ही रीत नवी नाही. सोळाव्या शतकातील जर्मन विद्यार्थी आपल्या मित्रांचे हस्ताक्षर व संदेश एका वहीत घेत. तिला 'आल्बुम आमिकोरुम' म्हणजे मित्रांची वही म्हणत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत कात्रणवह्यांचा छंद इतका वाढला, की मार्क ट्वेन या लेखकाने १८७३ मध्ये आपोआप चिकटणाऱ्या पानांच्या वहीचे पेटंट घेतले. एलन ग्रूबर गार्वी यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या वह्यांना 'कात्रीने केलेले लेखन' मानले. ज्यांना छापण्याची सोय नव्हती, त्या स्त्रियांनी आणि कृष्णवर्णीयांनी दुसऱ्यांचे छापील शब्द कापून आपला इतिहास मांडला, हे त्यांचे म्हणणे आपल्याकडील वह्यांच्या अभ्यासालाही उपयुक्त आहे. तथापि आपल्याकडील वहीचे एक वेगळेपण ध्यानात घ्यावे लागते. ती एकटीने बसून केलेली असली, तरी एकटीच्या सामग्रीतून क्वचितच उभी राहते.

पार्श्वभूमी : भुलाबाईपासून मासिकांपर्यंत

विदर्भातील मुलींच्या सख्यत्वाचे पहिले सामूहिक रूप म्हणजे भुलाबाईचा उत्सव. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरी पौर्णिमेपर्यंत भुलोबा-भुलाबाईची, म्हणजे शंकर-पार्वतीची मूर्ती मांडून मुली घरोघर गाणी म्हणतात आणि झाकून ठेवलेला खाऊ ओळखतात. पश्चिम महाराष्ट्रातील भोंडला किंवा हादगा आणि खानदेशातील गुलाबाई यांच्याशी त्याचे साम्य आहे. शाळेत जाणाऱ्या मुली वाढल्या, तसतशी ही गाणी वह्यांत उतरू लागली. एकीची वही दुसरीने उतरवून घ्यायची, विसरलेले कडवे तिसरीने पुरे करायचे, हा क्रम म्हणजेच पुढील सर्व वह्यांचा मूळ नमुना होय.

परंतु लग्न हा या सख्यत्वाचा शेवट असे. मुलगी सासरी गेली की भुलाबाईच्या मैत्रिणी दहा गावांत पांगत. सासरच्या गावात स्त्रीला सासू, नणंद, जाऊ मिळे. मैत्रीण मिळवावी लागे. ही मैत्रीण मिळवण्याची साधने फार थोडी होती. चैत्रातील आणि संक्रांतीचे हळदीकुंकू, महालक्ष्म्यांचे दर्शन, भजनी मंडळ आणि पुढे भिशी ही त्यांतील प्रमुख. या यादीत वहीची भर पडली ती मुद्रणामुळे.

१९३० साली शंकरराव किर्लोस्कर यांनी 'स्त्री' मासिक सुरू केले. पश्चिम महाराष्ट्रात छापलेले अंक टपालाने आणि रेल्वेने वऱ्हाडातील तालुक्यांपर्यंत पोहोचत. मूर्तिजापूर-यवतमाळ ही आता बंद पडलेली 'शकुंतला' रेल्वे कापसासाठी बांधली गेली. पण छापील कागदाची वाट तिनेही सोपी केली. एका अंकाच्या वाचक अनेक असत. अंक परत द्यावयाचा असल्यामुळे हवा तो मजकूर उतरवून घ्यावा लागे. अंक स्वतःचा असेल तर कापून चिकटवता येई. १९४८ मध्ये आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाल्यावर रेडिओवर ऐकलेली कृतीही घाईघाईने वहीत टिपली जाऊ लागली. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले आणि प्रमाणबद्ध पाककृती छापील स्वरूपात घरोघर गेल्या. तरीही हाताने लिहिलेली वही थांबली नाही. याचे कारण उघड आहे. पुस्तक पदार्थ कसा करावा हे सांगते. तो कुणी शिकवला हे सांगत नाही.

वहीतील मैत्री : देवाणघेवाणीची रीत

वहीचे पहिले सामाजिक कार्य म्हणजे तिने भेटीला निमित्त दिले. ज्या घरांत सुनेने विनाकारण शेजारी जाऊन बसणे रुचत नसे, तेथे 'स्वेटरचा नमुना उतरवून आणते' हे कारण चालून जाई. काम उपयोगाचे होते, घराच्या फायद्याचे होते. त्यामुळे त्याला हरकत घेणे कठीण होते. नमुना उतरवायला एक दुपार लागे, आणि त्या दुपारी जे बोलणे होई ते वहीत येत नसे. वहीत येई ते फक्त त्या दुपारचे फलित.

दुसरे कार्य परतफेडीचे. नमुना घेतला की नमुना द्यावा लागतो. वही नेली की ती परत करताना एखादे पान भरून द्यावे, ही रीत वाणाच्या देवघेवीसारखीच आहे. मात्र दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. हळदीकुंकवाला सवाष्ण असण्याची अट होती. विधवेला तेथे स्थान नव्हते. विणकामाचा टाका शिकायला किंवा लोणच्याचे प्रमाण विचारायला जाताना ही अट आड येत नसे. ज्या स्त्रीला समारंभाने बाहेर ठेवले, तिचे कौशल्य वहीने आत घेतले. वहीच्या ऐतिहासिक मूल्याचा विचार करताना हा मुद्दा मध्यवर्ती मानावा लागेल.

तिसरे कार्य नामनोंदीचे. कृतीच्या शेवटी किंवा पानाच्या कोपऱ्यात 'शेजारच्या काकूंकडून', 'वहिनींनी दिलेला', 'ताईंच्या पद्धतीने' अशा प्रकारच्या नोंदी असतात. येथे एक अडचण उद्भवते. काकू, वहिनी, ताई, मावशी ही सारी नात्याची नावे आहेत आणि यांपैकी बहुतेक व्यक्तींशी नाते काहीच नसते. शाळकरी वयात 'मैत्रीण' हा शब्द मोकळेपणाने वापरणारी मुलगी लग्नानंतर समवयस्क शेजारणीला 'वहिनी' म्हणते. मराठी समाजाने विवाहित स्त्रीच्या मैत्रीला स्वतंत्र संबोधन दिले नाही; तिला नात्याच्या पदराखाली जागा दिली. त्यामुळे वही वाचताना नात्याचा शब्द दिसला की नाते गृहीत धरणे हा अभ्यासकाचा दोष ठरेल.

१९८० नंतरच्या काळात शाळा-महाविद्यालयांतील मुलींमध्ये ऑटोग्राफ बुक आणि पुढे स्लॅम बुक आले. त्यात मात्र मैत्री उघडपणे, तिच्याच नावाने लिहिली गेली. आवडता रंग, आवडता नट, माझ्याविषयी तुझे मत अशा ठरावीक प्रश्नांची ती उत्तरे होती. तरीही आई आपल्या वहीत जे सांगू शकली नाही ते मुलीने आपल्या वहीत सांगितले, असा हा पिढीतील फरक आहे.

वह्यांचे वाचन आणि काळनिश्चिती

या वह्यांवर क्वचितच तारखा असतात, म्हणून त्या संशोधनास निरुपयोगी आहेत, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. परंतु अंतर्गत पुराव्यावरून काळ ठरवता येतो. काही खुणा येथे नमूद करतो.

पहिली खूण मापांची. भारतात वजन-मापांचा दशमान कायदा १९५६ मध्ये झाला आणि १९६२ पर्यंत तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. शेर, छटाक, तोळा ही मापे असलेली नोंद साधारणतः त्यापूर्वीची किंवा जुन्या सवयीची, तर ग्रॅममध्ये लिहिलेली नोंद त्यानंतरची मानता येते. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. आण्यांत लिहिलेली लोकरीची किंमतही अशीच उपयोगी पडते. दुसरी खूण टपालाची. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. वहीत चिकटवलेल्या लग्नपत्रिकेवर किंवा पाकिटावर तो असेल, तर ती त्यापूर्वीची असू शकत नाही. तिसरी खूण कात्रणाच्या मागील बाजूची. पुढे रांगोळी असली तरी मागे अर्धी जाहिरात, बाजारभाव किंवा बातमी असते. वहीच्या मालकिणीने जे टाकून दिले, तेच अभ्यासकाला तारीख देते. म्हणून वहीतील कात्रणे सोडवून वेगळी ठेवणे किंवा केवळ पुढील बाजूची छायाचित्रे घेणे टाळावे. जेथे कागद सुटला आहे तेथे दोन्ही बाजू पाहाव्यात.

चौथी आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची खूण हस्ताक्षराची. एका वहीत दोन-तीन हात दिसू लागले की वही त्या काळात कोणाकोणाच्या घरी गेली होती, हे कळते. बदलीच्या नोकरीमुळे कुटुंब गेले की एक हस्ताक्षर अचानक थांबते. क्वचित तेच अक्षर पुढे आंतर्देशीय पत्राच्या तुकड्यावर पुन्हा भेटते. पत्रातील कौटुंबिक मजकूर कापून फक्त कृतीचा भाग चिकटवलेला असतो. अशा ठिकाणी मैत्री टिकली, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

स्त्रियांच्या मैत्रीचा इतिहास खाजगी कागदांवरून लिहिता येतो, हे कॅरोल स्मिथ-रोझेनबर्ग यांनी १९७५ मधील आपल्या गाजलेल्या निबंधात अमेरिकन कुटुंबांच्या पत्रांवरून व रोजनिशींवरून दाखवले. आपल्याकडेही उदाहरण आहे. अमेरिकेतील एका मासिकात छापलेला पत्रव्यवहार थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला आणि त्यातून त्यांचा आनंदीबाई जोशी यांच्याशी १८८० मध्ये स्नेह सुरू झाला. १८८७ मध्ये आनंदीबाई निवर्तल्यानंतर त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या. पुढे काशीबाई कानिटकर यांनी आनंदीबाईंचे चरित्र लिहिले. ही मैत्री आपल्याला ज्ञात आहे, कारण पत्रे जपली गेली आणि आनंदीबाई पहिल्या स्त्री डॉक्टर म्हणून ख्यातनाम होत्या. दारव्हा, दिग्रस किंवा उमरखेडच्या गृहिणीचे कागद जपण्यास असे कारण कुणाला वाटले नाही.

अक्षराविना वही : गोधडी आणि बंजारा भरतकाम

केवळ लिहिलेल्या वह्यांवर विसंबल्यास हा इतिहास साक्षर आणि बहुतांशी मध्यमवर्गीय स्त्रियांचाच राहील. यवतमाळ जिल्ह्यात गोंड, कोलाम, आंध, परधान या आदिवासी जमाती आहेत. त्यांपैकी कोलाम ही केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत समाविष्ट केलेली जमात आहे. पुसद, दिग्रस, महागाव, आर्णी या भागांत बंजारा समाजाचे तांडे मोठ्या संख्येने आहेत. या स्त्रियांच्या अनेक पिढ्या शाळेपासून दूर राहिल्या. मग त्यांच्या सख्यत्वाची खूण कोठे शोधावी?

याचे एक उत्तर कापडात आहे. गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे आणि लहान मुलांच्या कपड्यांचे तुकडे जोडून धावदोऱ्याने शिवलेले पांघरूण. कोणता तुकडा कुणाच्या लुगड्याचा हे शिवणारीला ठाऊक असते. मोठी गोधडी शिवताना दोघी-तिघी चार बाजूंनी बसतात, आणि प्रत्येकीचा टाका निराळा पडतो. बंजारा स्त्रियांच्या फेटिया-कांचळीवरील आरसे, कवड्या, रंगीत तुकड्यांची जोडणी आणि टाक्यांची वीण हीदेखील एकमेकींकडे पाहून, एकमेकींकडून घेऊन आलेली विद्या आहे. कागदाच्या वहीत हस्ताक्षर जे काम करते, ते येथे टाका करतो.

मात्र दोन्ही साधनांची तुलना करताना एक सत्य दडवता येणार नाही. वही ज्या घरांमध्ये फिरली, ती घरे बहुधा एकाच आळीतील आणि पुष्कळदा एकाच जातीतील होती. कागदाची वही तांड्यावर किंवा पोडावर गेल्याचे सहसा दिसत नाही. वहीने विधवेला आत घेतले. जातीची भिंत मात्र तिला फारशी ओलांडता आली नाही. सरकारी वसाहती, शाळांतील शिक्षिकांची खोली आणि शिवणवर्ग येथे काही अंशी हे घडले, कारण तेथे एकत्र येण्याचे कारण जात नसून काम होते. शिवणवर्गात कापडाच्या छोट्या तुकड्यांवर टीप, तुरपाई, साखळी टाका, काज यांचे नमुने शिवून वहीत लावावे लागतात. ही नमुनावही परीक्षेसाठी असली, तरी एका वर्गातील विविध समाजांच्या मुलींच्या हातांची ती एकत्र नोंद असते.

शासकीय नोंद आणि मैत्रीचा अभाव

सातबारा, शिधापत्रिका, मतदारयादी या सर्व कागदांत स्त्रीची ओळख पित्याच्या किंवा पतीच्या नावाने होत आली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव अंतर्भूत करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला, ही स्वागतार्ह सुधारणा होय. परंतु मैत्रिणीला कोणत्याच कागदात रकाना नाही. २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळासारख्या संस्थांनी बचत गटांना चालना दिली, तेव्हा नात्यात नसलेल्या स्त्रियांची नावे एका नोंदवहीत एकाखाली एक येऊ लागली. हा बदल लहान नाही.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे ब्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्षपदी लोकसाहित्याच्या अभ्यासक डॉ. अरुणा ढेरे होत्या आणि उद्घाटन याच जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातील वैशाली येडे यांनी केले. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची पत्नी म्हणून त्यांचा परिचय सर्वत्र दिला गेला. घरातील कर्ता पुरुष गेल्यावर स्त्री उभी कशी राहते, हा प्रश्न विचारताना आपण कर्जमाफी, अनुदान आणि नातेवाईक यांची मोजदाद करतो. मुलाला सांभाळणारी, सोबत कचेरीत जाणारी, शिवणयंत्रावर बसायला शिकवणारी शेजारीण कोणत्याही अहवालात येत नाही. स्त्रियांच्या मैत्रीचा इतिहास लिहिणे म्हणूनच केवळ हौसेचा विषय नाही. संकटात जो आधार प्रत्यक्ष असतो, तो कागदावर नसल्यामुळे धोरणातही नसतो.

निष्कर्ष आणि सूचना

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, स्त्रियांच्या वह्या हा एका व्यक्तीचा छंद नसून अनेकींच्या देवाणघेवाणीचा लेखी पुरावा आहे. दोन, या वह्यांनी विवाहित स्त्रीला नात्याबाहेरची मैत्री जोडण्याचे समाजमान्य निमित्त दिले, आणि समारंभांनी वगळलेल्या स्त्रीलाही काही प्रमाणात सामावून घेतले. तीन, हे साधन जात आणि साक्षरता यांच्या मर्यादेत वाढले. म्हणून गोधडी, भरतकाम आणि शिवणवर्गाच्या नमुनावह्या यांच्यासोबतच त्याचा अभ्यास व्हावा.

आज व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहांमुळे नमुने आणि कृती क्षणात पोहोचतात. मैत्री थांबलेली नाही. पण कोणी कोणाला काय दिले याचा टिकणारा कागद आता निर्माण होत नाही. जुने कागद मात्र घर बदलताना, वृद्ध स्त्रीच्या निधनानंतर, दिवाळीच्या साफसफाईत नाहीसे होत आहेत. जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी वेळीच संकलन केले, म्हणून एक लाखाहून अधिक ओव्या आज उपलब्ध आहेत. मुंबईत १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'स्पॅरो' या संस्थेने स्त्रियांचे आवाज, छायाचित्रे व कागदपत्रे जपण्याचा मार्ग घालून दिला. जिल्हा पातळीवर हे काम महाविद्यालयेच करू शकतात.

इतिहास, मराठी आणि गृहअर्थशास्त्र या विभागांनी मिळून विद्यार्थिनींमार्फत घरोघरच्या वह्यांची सूची करावी. वही ताब्यात न घेता, मालकिणीच्या संमतीने संपूर्ण वहीची पानवार छायाचित्रे घेऊन ती परत द्यावी. प्रत्येक पान कोणी दिले, ती कोण होती, कोठे राहत होती, हे मालकिणीच्या तोंडून लिहून घ्यावे. जे ती सांगू इच्छित नाही ते विचारू नये. गोधड्यांची नोंद करताना तुकड्यांची माहितीही याच रीतीने घ्यावी. या कामास निधी फारसा लागत नाही, वेळ मात्र लागतो. ज्या स्त्रियांना पानांवरची अक्षरे ओळखता येतात त्यांचे वय आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहे. कागद कदाचित आणखी काही वर्षे टिकेल. कोपऱ्यात लिहिलेल्या 'काकू' म्हणजे कोण, हे सांगणारी व्यक्ती तोवर असेलच असे नाही.